परका, पाहुणा आणि शेजारी

लहान मुलांना धर्मशिक्षण देणे हे सोपे काम आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. इतकी वर्षे ते काम केल्यावर आमचे मत नेमके उलटे झाले आहे. मोठी माणसे प्रवचन ऐकून घेतात. पटो वा न पटो, शेवटी ‘आमेन’ म्हणून घरी जातात. मुले तसे करीत नाहीत. ती सांगितलेला शब्द डोळ्यांसमोरच्या वस्तूला लावून पाहतात आणि जिथे सांधा ढिला असेल तिथे बोट ठेवतात. २०१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात असेच एक बोट आमच्या शिकवणुकीवर ठेवले गेले. त्याची गोष्ट आज सांगावीशी वाटते, कारण दया शिकवता येते काय, आणि येत असेल तर कोण कोणाला शिकवतो, हा प्रश्न त्या दिवसापासून आमचा पिच्छा सोडीत नाही.

त्या वेळी आम्ही अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका धर्मग्रामात सेवेला होतो. तो सारा मुलूख साखर कारखान्यांचा. दिवाळी सरते न सरते तोच मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने फडात राबायचे असते. त्या वर्षी आमच्या मिशन कंपाउंडच्या मागे, पाटाच्या कडेला, वीस-बावीस कोप्या उभ्या राहिल्या. बांबूच्या कमानी, त्यांवर चटया आणि ताडपत्री, वरून पाचटाचे आच्छादन. आत वाकूनच जावे लागे. ही टोळी परभणी जिल्ह्यातील होती, गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावची. गावाचे ते नाव आम्ही तेव्हा प्रथमच ऐकले.

त्या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात दयाळू शोमरोनी मनुष्याचा दाखला चालू होता. आम्ही तो रंगवून सांगितला. लुटारू, जखमी वाटसरू, बाजूने निघून गेलेले दोघे आणि अखेरीस जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणारा तो परजातीचा माणूस. शेवटी नेहमीप्रमाणे तात्पर्य काढले : पाटाकडेला जे लोक आले आहेत तेही आपले शेजारीच होत. तेव्हा चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “फादर, माझ्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी आली आहे. पण तिला काही लागलेलं नाही. तिला कुणी मारलेलं नाही. मग ती माझी शेजारी कशी?” आणि आम्ही उत्तर जुळवतो आहोत तोच तिने पुढचा प्रश्न केला, “शिवाय ती पाडव्याच्या आत निघून जाणार. मग ओळख करून काय उपयोग?”

मुले हसली. आम्हीही हसलो. पण ते हसणे वेळ मारून नेण्यासाठी होते, हे आज कबूल केले पाहिजे. आम्ही तिला म्हणालो, “बाळ, ती गरीब आहे. तिला काहीतरी दे.” इतके बोलून वर्ग संपवला.

वाचकहो, या उत्तरात काय चुकले, हे समजायला आम्हांला पुढचे चार महिने लागले. चूक ‘दे’ या शब्दात नव्हती. चूक अशी होती की, त्या दुसऱ्या मुलीची ओळख आम्ही तिच्या उणिवेवरून करून दिली. जखम दिसत नाही म्हणतेस? मग गरिबी पाहा, तीच जखम समज. म्हणजे ज्याच्याजवळ काहीतरी कमी आहे तोच शेजारी, आणि ज्याच्याजवळ काहीतरी जास्त आहे तो दयाळू. दाखल्याची शिकवण ही नव्हे. शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की, माझा शेजारी कोण? प्रभूने दाखला सांगून प्रश्नच उलटा फिरवला : त्या तिघांपैकी शेजारी कोण झाला? पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी असिसी येथे स्वाक्षरी केलेल्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या विश्वपत्रात एक संपूर्ण प्रकरण या दाखल्याला वाहिले आहे, तेही याच उलट्या प्रश्नासाठी. शेजारी शोधून काढायचा नसतो, शेजारी व्हायचे असते. एवढे आम्हांला पाठ होते. परंतु जखम नसलेल्या माणसाचा शेजारी कसे व्हायचे, हा त्या मुलीचा प्रश्न मात्र तसाच उरला होता.

डिसेंबरात आमच्या हातून दोन गोष्टी घडल्या. एकीचा तेव्हा अभिमान वाटला होता, दुसरी तेव्हा व्यवहार्य वाटली होती. आज दोहोंची लाज वाटते.

पहिली गोष्ट नाताळची. धर्मग्रामातील कुटुंबांकडून जुने कपडे गोळा केले, धुऊन घड्या घातल्या आणि कोप्यांवरच्या मुलांना रांगेत उभे करून वाटले. एका तरुणाने छायाचित्रे काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तो मिशनच्या फाटकाशी वाढ्यांच्या चार पेंढ्या व्यवस्थित बांधून ठेवलेल्या. वाढे म्हणजे उसाचे शेंडे. तोडणाऱ्याच्या वाट्याला जे थोडेफार येते त्यात हे वाढे. गुरांसाठी ते विकून त्याचा वरखर्च निघतो. आमच्या गायीसाठी ते कोणीतरी ठेवून गेले होते. चौकशी केली तेव्हा त्या शाळेतल्या मुलीची आई म्हणाली, “घेतलं तर दिलंबी पायजे की.” आम्ही म्हणालो, “अहो, याची काय गरज होती?” ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा उतरला. आमच्या त्या एका वाक्याने आम्ही तिला पुन्हा रांगेत नेऊन उभे केले होते. तिने शेजारीण म्हणून वाढे आणले आणि आम्ही तिला लाभार्थी म्हणून परत पाठवले.

संत थॉमस अक्वायनस यांनी दयेचा विचार करताना एक मार्मिक भेद सांगितला आहे. दया म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने आपले अंतःकरण दुखणे आणि शक्य असेल तर ते दूर करण्याची ओढ. परंतु जे आपल्याशी अगदी एकरूप आहेत, जशी स्वतःची लेकरे, त्यांच्या दुःखाने आपल्याला दया येत नाही. ते दुःख आपली स्वतःची जखम असल्यासारखेच आपण भोगतो. यावर थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, दयेमध्ये एक अंतर गृहीत धरलेले असते. ते अंतर ओलांडायला निघालेली दया पवित्र होय. पण जपून ठेवायला निघालेली दया म्हणजे उंबरठ्याच्या आतून केलेली भिक्षा. ती पोट भरते, पण उंबरठा मात्र अधिक उंच करते.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१५ साल दुष्काळाचे होते. बोअरची पातळी खाली जात होती. कोप्यांवरच्या बाया कंपाउंडमधल्या नळावर पाणी भरीत. एका रविवारी मिस्सानंतर धर्मग्राम समितीची सभा झाली. कोणी म्हणाले, आपल्याच माणसांना पाणी पुरत नाही, बाहेरच्यांना कुठून द्यायचे? कोणी म्हणाले, आज नळ दिला, उद्या जागा मागतील. एका वृद्ध गृहस्थांनी मात्र आठवण करून दिली की, १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकीही कित्येकजण खडी फोडायला गाव सोडून गेले होते. आम्ही सुवर्णमध्य काढला. नळाला कुलूप लावायचे, ते सकाळी नऊ ते दहा उघडायचे, आणि प्रत्येक कोपीला दोन हंडे पाणी द्यायचे. सर्वांना हा तोडगा पसंत पडला. ज्यांच्यासाठी तो काढला त्यांना विचारावे, हे कोणालाच सुचले नाही.

इथे एक न्यायाची बाब सांगितली पाहिजे. ज्यांनी सभेत विरोध केला ती वाईट माणसे नव्हती. अनोळखी माणसाविषयी सावध असणे हे पाप नव्हे. पाणी कमी असताना आपल्या लेकरांचा विचार आधी येणे हेही पाप नव्हे. आईने मुलीला ‘अंधार पडल्यावर पाटाकडे जाऊ नकोस’ असे बजावले तर तिला कोण दोष देईल? परंतु सावधपणा आणि तुच्छता यांच्या सीमा एकमेकींना लागून असतात. सावध माणूस विचारपूस करतो. तुच्छ लेखणाऱ्याला विचारपूस करण्याची गरजच वाटत नाही, कारण त्याला समोरच्याविषयी सारे काही ठाऊक असते. ‘कोंबड्या नेतात’, ‘खोटे बोलतात’, ‘त्यांना सवय असते’. यांतले शेवटचे वाक्य सर्वांत निर्दय. थंडीची, भुकेची, पहाटे चारला उठून फडात जाण्याची सवय कोणालाच नसते. इलाज नसतो, इतकेच.

इकडे शाळेत वेगळेच काही चालले होते. राणीसावरगावच्या त्या मुलीला शेवटच्या बाकावर जागा मिळाली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावेच लागते. दाखला हाती नाही म्हणून परत पाठवता येत नाही. त्याआधी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत; आता गावची शाळा हीच त्यांचीही शाळा. कायद्याने बाक मिळाला, पण बाकावर शेजारी मिळवून देणे हे कायद्याचे काम नव्हे. तिच्या बोलण्याला मुले हसत. आपण ‘काय करतेस?’ म्हणतो तिथे परभणीकडे ‘काय करायलीस?’ म्हणतात. तेवढे एक वाक्य मुलांना महिनाभर चिडवायला पुरले.

पण ती मुलगी तोंडी हिशेबात तरबेज होती. टन आणि क्विंटल यांची उदाहरणे ती पाटीला हात न लावता सोडवी. कारण सरळ होते : बापाच्या खेपांचा हिशेब मुकादम बरोबर मांडतो की नाही, हे त्या घरात तीच पाहत असे. आणि आम्हांला प्रश्न विचारणारी आमची विद्यार्थिनी नेमकी गणितातच कच्ची होती. चाचणी जवळ आली तेव्हा नाइलाजाने ती शेवटच्या बाकावर गेली आणि म्हणाली, “मला शिकवतेस का?”

आम्ही तिला ‘दे’ म्हणालो होतो. तिने मागितले. आणि आमच्या ‘दे’ने जे साधले नव्हते ते तिच्या मागण्याने साधले.

हा प्रसंग आमच्या कानी आला तेव्हा संत योहानाच्या शुभवर्तमानातली याकोबाची विहीर डोळ्यांपुढे आली. शोमरोनी स्त्रीशी यहुदी माणूस बोलत नसे. प्रभू येशूने त्या स्त्रीशी संभाषण सुरू केले ते उपदेशाने नव्हे, दानानेही नव्हे. तो दमला होता, तहानलेला होता आणि त्याने तिच्याकडे पाणी मागितले. ज्याच्याजवळ जिवंत पाणी होते तो आधी तिच्या घागरीपुढे ओंजळ धरतो. दुसऱ्याकडे काही मागणे म्हणजे त्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे हे मान्य करणे. दाखल्यातला जखमी मनुष्य आणि विहिरीवरचा तहानलेला प्रभू, ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावाचून शेजारप्रीतीचा धडा पुरा होत नाही. आम्ही वर्गात अर्धाच धडा शिकवला होता. त्या चिमुकल्या प्रश्नाचे उत्तर इथे होते : शेजारी होण्यासाठी त्याला जखम असावी लागत नाही, त्याच्यावाचून आपले काही अडते, हे कळावे लागते.

जानेवारीत ती विद्यार्थिनी आमच्याकडे आली. या खेपेला प्रश्न नव्हता, तक्रार होती. “फादर, ती रोज शाळेत उशिरा येते आणि तिला बाहेर उभं करतात. तुम्ही नळ नऊला उघडता. तिची आई पहाटेच फडात जाते. मग पाणी तीच भरते, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. शाळा साडेनऊला भरते. कुलूप काढा ना.”

आम्ही स्तब्ध झालो. एक तास दया करायची असे आम्ही ठरवले होते, आणि तो तास नेमका एका मुलीच्या शाळेतून कापून घेतलेला होता. कोणाचाच हेतू वाईट नव्हता. पण ज्या हेतूला समोरच्या माणसाची दिनचर्या ठाऊक नाही तो चांगला असूनही आंधळा असतो. त्याच संध्याकाळी कुलूप काढले. बाया पहाटे चारच्या आधी पाणी भरून जाऊ लागल्या. हंडे तेवढेच राहिले, पाणी काही अधिक संपले नाही. केवळ वेळ बदलली. समितीत थोडी कुरबूर झाली, ती आम्ही ऐकून घेतली.

ॲरिस्टॉटल म्हणतो की, सद्गुण व्याख्या ऐकून येत नाहीत. वाद्य वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसे न्यायाची कृत्ये करून करून तो न्यायी होतो. हे खरेच आहे. परंतु आमच्या विद्यार्थिनीचा अनुभव त्यात थोडी भर घालतो. तिने दयेचा सराव केला नाही. तिने एका माणसाचा सहवास केला. सहवासातून माहिती आली, माहितीतून अन्याय दिसला आणि अन्याय दिसल्यावर ती धर्मगुरूशी भांडायला आली. यालाच दया म्हणायचे तर दया म्हणजे हळवेपणा नव्हे. ती एक प्रकारची नीट पाहण्याची शक्ती आहे. आजी मात्र निराळ्याच कारणाने वैतागली होती. नात घरात ‘काय करायलीस?’ असेच बोलू लागली होती!

आणखी एक भेद इथे केला पाहिजे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या हुकूमनाम्यात असे बजावले आहे की, जे न्यायाने देणे लागते ते दानाचा आव आणून देऊ नये. शाळेतला बाक ही आपली कृपा नव्हती, तो तिचा हक्क होता. जुन्या करारातही हेच आढळते. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, गळलेली कणसे वेचायची नाहीत. ती परक्याची, विधवेची आणि अनाथाची, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक आहे. मवाबी रूथ बेथलेहेमात परकी म्हणून आली आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागली, ती या दंडकाच्या आधाराने. सरवा हा तिचा हक्क होता. बवाजाने त्यात जी भर घातली, ती विचारपूस, तहान लागली तर गड्यांच्या पाण्यातून पी असे सांगणे, जेवायला आपल्याबरोबर बसवणे, ती दया. हक्काच्या पायावर दया उभी राहते. पाया काढून घेतला तर वरची इमारत कितीही सुबक असो, ती कोपीसारखी हंगामापुरतीच टिकते. त्याच परक्या रूथच्या वंशात दावीद राजा जन्मला आणि त्याच कुळात प्रभू येशू आला, हे आपण विसरू नये.

आणि परके कोण नव्हते? लेवीय ग्रंथात परक्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे आणि तिचे कारणही तिथेच दिले आहे : तुम्हीही मिसर देशात परके होता. नगर जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्ती घराण्यांची स्मृती थोडी उकरली तर खाली १८७६–७८ चा आणि १८९९–१९०० चा दुष्काळ लागतो. त्या काळात गावोगाव भाकरीच्या शोधात फिरलेली माणसे आपल्याच पणज्या-खापरपणज्यांच्या पिढीतली. त्यांच्यात येऊन राहिलेले जर्मन येशूसंघीय मिशनरी हेही परकेच होते, आणि पहिले महायुद्ध पेटताच शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व पुढे देशाबाहेर पाठवण्यात आले. आज आपली मुले पुण्या-मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतात, कोणी आखातात आहेत. तिथे त्यांना दारातून कोणीतरी पाणी विचारावे, अशी प्रार्थना आपण रोज करतोच की!

त्या वर्षी ऊस कमी होता. फेब्रुवारीअखेरच हंगाम आटोपला आणि एका रात्री टोळी ट्रॅक्टरमध्ये संसार चढवून निघून गेली. सकाळी कोप्यांच्या जागी चुलींचे दगड तेवढे उरले होते. आमची विद्यार्थिनी तिथे बराच वेळ उभी होती. तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून दिले नव्हते : जी निघून जाणार तिच्याशी ओळख करून काय उपयोग? आता तिने तो विचारला नाही. रडली मात्र पुष्कळ. तिच्या आईने आम्हांला विचारले, “फादर, लेकराला हे दुःख उगाच झालं नाही का?” आम्हांला उत्तर सुचले नाही.

मे २०१६ मध्ये मराठवाड्यातील एका धर्मगुरुमित्राकडे जाण्याचा योग आला, तेव्हा वाट वाकडी करून आम्ही राणीसावरगावला गेलो. जाताना गंगाखेड लागते. गोदावरीकाठचे हे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान. परंपरा सांगते की, तिच्या बापाने ती लहान असताना तिला पंढरपुरास दामाशेटींच्या घरी ठेवले. परगावी, परक्या घरी, काम करण्यासाठी आलेले एक पोर. त्या घराने तिला नुसता आसरा दिला असता तर ती मोलकरीण म्हणून जगली असती आणि विसरली गेली असती. नामदेवांच्या त्या घरात तिचा शब्दही ऐकला गेला, म्हणून आज सातशे वर्षांनंतरही महाराष्ट्र जात्यावर तिचे नाव घेतो. त्याच मातीतून आलेली एक मुलगी आमच्या नळापाशी हंडा घेऊन उभी होती, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

राणीसावरगाव रेणुकादेवीसाठी त्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. उन्हाचा कहर होता. शेजारच्या लातूर शहराला त्या वर्षी एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, यावरून त्या भागाची कल्पना यावी. विचारत विचारत घर सापडले. दगडमातीचे, दोन खणांचे, सारवलेले घर, दारात तुळस, ओट्यावर आजी बसलेली. आमच्याकडे कोपीत वाकून शिरणारी ती बाई इथे ताठ उभी होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारून ती म्हणाली, “हे आमच्या तिकडचे फादर हायेत.” आमच्या तिकडचे! जिथे आम्ही तिला चार महिने ‘बाहेरची’ म्हणत होतो, त्या गावाला ती आपले गाव म्हणत होती.

त्या दिवशी टँकर आला नव्हता. तिने धाकट्या पोराला शेजारी पिटाळले आणि उसना आणलेला तांब्या आमच्यापुढे ठेवला. आजी म्हणाली, “बसा बाबा, उन्हाचं आलाव. आधी पाणी घ्या.” आमचा हात तांब्यापर्यंत सहज गेला नाही. आमच्या कंबरेला तेव्हाही कंपाउंडच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

त्या ओट्यावर एक साधी गोष्ट आम्हांला कळली. माणूस स्थलांतरित असतो तो आपल्या गावात. त्याच्या गावात तो गावकरी असतो. त्याला घर असते, दैवत असते, सोयरेधायरे असतात, पाहुण्याला पाणी देण्याची रीत असते. हे सारे तो मागे ठेवून येतो, म्हणून आपण समजतो की त्याच्याजवळ काहीच नाही. मुलीने आत जाऊन एक वही आणली. गणिताची उदाहरणे स्वतः तयार करून लिहिलेली होती, मैत्रिणीने सोडवावीत म्हणून. पहिल्या पानावर तिने घातले होते : एका नळाला सकाळी चार वाजता पाणी येते…

ती वही आम्ही पोचती केली. त्या मुलीच्या आईने आम्हांला जो प्रश्न केला होता त्याचे उत्तरही बहुधा त्या वहीत होते. निघून जाणाऱ्या माणसावर केलेली प्रीती वाया जात असती, तर आईबापांनी मुलींवर आणि धर्मगुरूंनी धर्मग्रामांवर प्रीती करूच नये. आमचीही दर पाच-सहा वर्षांनी बदली होते. सहवास हंगामापुरता असतो. त्यात जे शिकलो ते हंगामाबरोबर जात नाही, इतके म्हणता येईल.

पुढच्या वर्षी ते कुटुंब आमच्याकडे आले नाही. मुकादम बदलला आणि ते कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेले, असे कळले. मुलीच्या शाळेचे काय झाले ते कळले नाही, आणि ही टोचणी मनात आहे. पाटाकडेला दुसऱ्याच कोप्या पडल्या, माणसे दुसऱ्या तालुक्यातली. आमची विद्यार्थिनी दोन दिवस हिरमुसली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आईला बरोबर घेऊन कोप्यांवर गेली. हातात काही नव्हते. आम्ही विचारले, “काय करायला गेली होतीस गं?” ती म्हणाली, “नावं विचारायला. आणि पाणी कधी भरता, ते विचारायला.”

प्रिय वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कदाचित आपल्याही गावाच्या कडेला ताडपत्र्या ताणल्या जात असतील. शहरात राहत असाल तर समोरच्या बांधकामावर बिहार, ओडिशाकडची कुटुंबे उतरली असतील. कपड्यांच्या घड्या घालण्यापूर्वी आपल्या मुलाला घेऊन एकदा तिकडे जा. नावे विचारा. त्यांची मुले शाळेत गेली आहेत काय, ते पाहा. गेली नसतील तर शाळेत जाऊन बोला, तो त्यांचा हक्क आहे. कोणी पेंढीभर वाढे आणून दिले तर ‘काय गरज होती’ असे म्हणू नका, घ्या. आणि आपल्या दाराशी कुठे एखादे कुलूप आहे काय, ते पाहा. आम्हांला आमचे दिसले नव्हते. ते एका दहा वर्षांच्या मुलीला दाखवावे लागले.